गाडीला न लागलेला रंग

मामांच्या भोसरीच्या घरात बाल्कनीच्या गजाला एक आकडा लटकतो. पावसाळ्यात त्याला छत्री, एरवी बाजाराची पिशवी. अंगठ्याएवढा जाड, वर गाठीच गाठी, रंग काळपट तपकिरी. लहानपणी मला तो कुठल्यातरी झाडाच्या मुळाचा वाटायचा. प्रत्यक्षात ती चार-पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी तार आहे. बाकी सगळा रंग.

मामा तीस वर्षं एका जॉबवर्कच्या पेंट शॉपमध्ये स्प्रे पेंटर होते. ट्रॅक्टरचे पत्रे, पंपांची झाकणं, इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे, जे येईल ते. पार्ट आकड्याला अडकवायचा, बूथमध्ये गन मारायची, ओव्हनमध्ये भाजायचा, काढायचा. पार्ट गिऱ्हाइकाकडे जायचा आणि आकडा परत रांगेत यायचा. म्हणजे पार्टला एकदा रंग, आकड्याला दर खेपेला. आकडे फार जाड झाले की हातोडीने पोपडे पाडायचे किंवा सरळ भंगारात टाकायचे. त्यातलाच एक मामांनी घरी आणला होता.

गेल्या वर्षी मिशिगनमध्ये नोकरी करणारी कॉलेजची मैत्रीण पुण्यात आली, तेव्हा तिने माझ्या बायकोसाठी एक पेंडंट आणलं. बोराएवढा, गुळगुळीत पॉलिश केलेला खडा. निळ्या, पांढऱ्या, केशरी, करड्या रेघा एकीत एक वळलेल्या, सागवानी फळीत दिसतात तशा. मी तो मामांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, नख मारून पाहिलं.

“हा पोपडा आहे,” ते म्हणाले. “बूथमधला. किती पैसे दिले हिने?”

मामांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. त्या खड्याला फोर्डाइट म्हणतात, कुणी डेट्रॉइट अगेट म्हणतात. डेट्रॉइट आणि आसपासच्या मोटारींच्या कारखान्यांत गाड्यांच्या बॉड्या हाताने गन मारून रंगवायचे, तेव्हा उडालेला रंग रुळांवर, सांगाड्यांवर, स्टँडवर बसायचा. त्याच स्टँडवरून बॉडी ओव्हनमध्ये जायची, त्यामुळे हा फुकटचा थरही भाजून टणक व्हायचा. पुढची बॉडी, पुढचा रंग, परत भट्टी. असे कधी शंभराहून जास्त थर साचले की कामात अडथळा व्हायचा, मग छिन्नीने तोडून कचऱ्यात. काही कामगारांनी ते तुकडे खिशात घालून घरी नेले. कापले, घासले आणि आतून हे असं निघालं. आज त्या कारखान्यांतले बरेच बंद आहेत, हाताने रंगवण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी गेली, आणि त्यांच्या कचऱ्याचे दागिने होऊन इंटरनेटवर विकले जातात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला ती आधी लॉग फाइल वाटली. फक्त पुढे लिहायचं, मागचं काही पुसायचं नाही. कुठल्या वर्षी कुठला रंग चालला, हे त्यात क्रमाने लिहिलेलं. जुन्या तुकड्यांत करड्या प्रायमरचे थर जास्त दिसतात, नंतरच्यात धातूची चमक असलेले रंग येतात. पण पदवी मेकॅनिकलची असल्यामुळे दुसराही प्रश्न पडला. कचऱ्यातून मौल्यवान वस्तू परत मिळवणं म्हणजे हेच का? आणि हा रंग मुळात आला कुठून?

गंमत म्हणजे हा रंग स्वतःच दोन टाकाऊ गोष्टींतून जन्माला आला होता.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात रंग म्हणजे घोडागाडीचा रंग. तेलाचा, वॉर्निशचा, ब्रशने लावायचा, वाळवायचा, घासायचा, परत लावायचा. एका बॉडीला काही आठवडे लागत. १९१३ मध्ये हेन्री फोर्डने हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आणली आणि सांगाडा जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला. आता रंगच आडवा आला. गाड्या दीड तासात जुळतात आणि आठवडे वाळत पडतात, हे परवडणारं नव्हतं. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. काळं डांबरी इनॅमल लवकर वाळायचं म्हणून, असं सर्रास सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, काहींच्या मते ते मुख्यतः स्वस्त आणि टिकाऊ होतं. काहीही असो, रंगीत गाडी हवी तर थांबा किंवा जास्त पैसे मोजा, अशी स्थिती होती.

इकडे पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिशांच्या तोफांना लागणारं कॉर्डाइट बनवायला ॲसिटोन हा द्रावक हवा होता आणि तो पुरेसा नव्हता. मँचेस्टर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी एक जिवाणू शोधला होता. त्याला मका किंवा दुसरा पिठूळ पदार्थ दिला की तो आंबवून ॲसिटोन द्यायचा. (हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.) धान्य कमी पडल्यावर १९१७ मध्ये इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावलं होतं.

या गोष्टीचा एक धागा नाशिकला येतो. सरकारने त्या काळात नाशिकलाही ॲसिटोनचा कारखाना उभारला. वाइझमन यांचे मँचेस्टरमधले परिचित गिल्बर्ट फाउलर तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते, आणि तिथे मोहाच्या फुलांवर संशोधन चालू होतं. आपल्याकडे ज्या फुलांची दारू गाळतात त्या फुलांतून तोफगोळ्यांचं सामान निघेल का, असा तो शोध. फाउलर यांचं नाव मात्र आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून ते साफ करून घ्यायची ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली, ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. आज चाकणमधल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या मागे बुडबुडे येणारी ती जी टाकी असते, ती याच घराण्यातली.

तर तो जिवाणू. त्याला युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. तो ॲसिटोन द्यायचा खरा, पण एक भाग ॲसिटोनमागे साधारण दोन भाग ब्युटॅनॉल द्यायचा. ब्युटॅनॉल कुणालाच नको होतं. ते साठवलं जायचं, कारण दुसरं करायचं काय. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावी असा एक मोठा कारखाना होता.

दुसरी टाकाऊ गोष्ट म्हणजे गनकॉटन. कापूस नायट्रिक आम्लात बुडवला की नायट्रोसेल्युलोज होतं, बंदुकीची बिनधुराची दारू. ड्यू पाँ कंपनीने युद्धात ती प्रचंड प्रमाणात बनवली. १९१८ मध्ये युद्ध संपलं आणि एवढ्या मोठ्या कारखान्यांचं करायचं काय, हा प्रश्न आला. नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून रंग बनतो हे आधीपासून माहीत होतं. अडचण एवढीच की ते द्रावण मधासारखं घट्ट. गनमधून उडेल इतकं पातळ करावं तर त्यात रंगद्रव्य फारच थोडं मावायचं, डझनावारी हात मारावे लागले असते.

१९२० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या प्रयोगशाळेत नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाचं एक पीप तसंच उन्हाळ्यात राहून गेलं. त्यात सोडियम ॲसिटेट मिसळलेलं होतं. काही दिवसांनी बघतात तर सगळं पातळ झालेलं. एडमंड फ्लॅहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फेकलं नाही. या पातळ द्रावणात रंगद्रव्य भरपूर मावलं. त्याला हवा तसा सावकाश, एकसारखा उडणारा द्रावक म्हणजे ब्युटाइल ॲसिटेट, आणि ते बनतं त्या नकोशा ब्युटॅनॉलपासून. टेरे होटचा कारखाना युद्धानंतर कमर्शियल सॉल्व्हंट्स या नव्या कंपनीने घेतला होता. आता तिथे ॲसिटोन हा जोडधंदा झाला आणि ब्युटॅनॉल मुख्य माल. युद्धाची दोन उष्टी एका डब्यात आली आणि त्याचं नाव पडलं ड्यूको.

ड्यू पाँचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता, त्यामुळे गिऱ्हाईक घरातलंच. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी ‘ट्रू ब्लू’ निळ्या ड्यूकोत आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं. दोन-तीन वर्षांत रंगीत गाड्या सर्रास झाल्या, फोर्डलाही १९२६ मध्ये काळ्याचा हट्ट सोडावा लागला, आणि १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा स्वतंत्र विभागच काढला. दरवर्षी नवा रंग, दरवर्षी नवी गाडी. तुमचा फोन दर सप्टेंबरला नव्या रंगात येतो, ती चाल इथली.

आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी ‘ड्यूको मारायचाय’ अजून आहे. रंग कुठल्याही कंपनीचा असो. मामाही तेच म्हणतात.

पण ड्यूको ब्रशने लावता येत नाही, इतका तो झटपट वाळतो. तो गननेच मारावा लागतो. आणि गन आली की धुकं आलं.

जुन्या पद्धतीच्या हवेच्या गनमधून सुटलेल्या रंगापैकी बऱ्याचदा निम्म्याहून कमी पत्र्यावर बसायचा. उरलेला हवेत. थोडा स्टँडवर, त्याचं फोर्डाइट झालं. थोडा भिंतीवर, छतावर, मागच्या पाण्याच्या पडद्यात. आणि थोडा गन धरणाऱ्या माणसात. फोर्डाइटची वर्णनं वाचताना मला हेच खटकत राहिलं. खड्यातल्या रेघांबद्दल सगळे भरभरून लिहितात, जुन्या थरांत शिसं असू शकतं म्हणून घासताना मास्क लावा, ओलं घासा, अशी सूचनाही देतात. तो रंग ताजा असताना तिथे आठ तास उभं राहणाऱ्याला काय होत होतं, हा उल्लेख क्वचित. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचं कामच कर्करोगकारक म्हणून १९८९ मध्ये पहिल्या गटात टाकलं. कुठलं एक रसायन म्हणून नाही, अख्खा व्यवसाय.

मामांना हल्ली जिना चढताना मधे थांबावं लागतं. ते विडीही ओढायचे, त्यामुळे डॉक्टर कशाचंच नाव ठामपणे घेत नाहीत. शॉपमध्ये मास्क होते का, असं मी विचारलं. “होते की,” ते म्हणाले, “ऑडिटच्या दिवशी.” बाकीच्या दिवशी तोंडाला रुमाल आणि घरी निघताना गुळाचा खडा.

वाया जाणारा रंग वाचवण्याची खरी युक्ती फोर्डमध्येच सापडली, ती हवेत नाही तर पाण्यात. जॉर्ज ब्रूअर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे एक वेगळी पद्धत विकसित केली. अख्खी बॉडी पाण्यात कालवलेल्या रंगाच्या हौदात बुडवायची आणि वीज सोडायची. रंगाचे कण विजेच्या ओढीने पत्र्यावर जाऊन बसतात, दाराच्या आतल्या बेचक्यातही. गन नाही, धुकं नाही. आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक कारचा सगळ्यात आतला प्रायमर असाच लागलेला असतो.

यातही नासाडी होतीच. हौदातून निघालेल्या बॉडीला सुटा रंग चिकटलेला असतो, तो धुवावा लागतो. ते धुणं म्हणजे हजारो लिटर पातळ रंगीत पाणी, थेट गटारात. १९६९ मध्ये ॲबकॉर नावाच्या अमेरिकन कंपनीने मोटार कारखान्यात एक चाळणी बसवली. अशी चाळणी, की जिच्या छिद्रांतून पाणी, क्षार, बारीक रेणू जातात आणि रंगाचे कण अडतात. अडलेला रंग परत हौदात, गाळून आलेलं पाणी परत बॉडी धुवायला. वर्तुळ पुरं. अल्ट्राफिल्ट्रेशनचा उद्योगातला हा पहिला यशस्वी वापर. घरच्या प्युरिफायरवर ‘यूएफ’ लिहिलेलं असतं ना, त्या तंत्राने कारखान्यात आधी रंग गाळला आहे.

अशा चाळण्या शक्य झाल्या त्या सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांच्यामुळे. सौरिराजन भारतात जन्मलेले. कॅलिफोर्नियात त्यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटची अशी पातळ कातडी बनवली, जिच्यातून पाणी पुरेशा वेगाने जाईल. त्याच्याही मागे गेलं तर १९०७ मध्ये जर्मनीत बेखहोल्ड यांनी पहिल्यांदा ‘अल्ट्राफिल्ट्रेशन’ हा शब्द वापरला, तेव्हा त्यांची चाळणी नायट्रोसेल्युलोजची होती. म्हणजे तेच गनकॉटन. हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी उठून बायकोला सांगायला गेलो. तिने फारसा उत्साह दाखवला नाही.

मग उरलेल्या रंगाचं, गनच्या धुक्याचं, असं का झालं नाही? याचं उत्तर मला मामांच्या शॉपच्या मागच्या पिंपांत सापडतं. बूथच्या मागे पाण्याचा पडदा असतो, धुकं त्यात पकडलं जातं, पाण्यात औषध टाकून त्याचा चिकटपणा मारतात आणि वर येणारा गाळ काढतात. या गाळात काय नसतं? राळ असते, द्रावक असतो, बेरियम सल्फेट, ॲल्युमिनियमची चमकी, आणि सगळ्यात महाग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्या रंगाचा जीव. ते इल्मेनाइटच्या काळ्या वाळूतून काढावं लागतं. तशी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. एवढ्या खटाटोपाने वाळूतून काढलेलं पांढरं शेवटी करड्या चिखलात जातं.

ते परत काढता येतं का, तर तत्त्वतः येतं. हवा बंद करून गाळ तापवला की राळ विघटित होऊन तेल आणि वायू मिळतात, मागे राख उरते, राखेत टायटॅनियम असतं. पण त्याच राखेत बेरियम, ॲल्युमिनियम, लाल-पिवळ्या रंगातलं लोह, सगळंच असतं. पांढरं आता पांढरं राहिलेलं नसतं. ते वेगळं करायचा खर्च नव्या पोत्यापेक्षा जास्त. विजेच्या हौदात एकच रंग असतो म्हणून तिथे चाळणी पुरते. फोर्डाइटमध्ये शंभर रंग असतात, पण थर एकमेकांत मिसळलेले नसतात, म्हणून तो दागिना होतो. गाळात तेच रंग आहेत, तेवढेच आहेत, फक्त कालवलेले आहेत. सोसायटीत ओल्या-सुक्यावरून वाद होतो तेव्हा मला हल्ली हे आठवतं.

भारतात २०१६ च्या नियमांनुसार रंगाचा गाळ धोकादायक कचरा आहे, परिशिष्टातला क्रमांक २१.१. तो तळोजा, रांजणगावसारख्या केंद्रांत पुरला किंवा जाळला जातो, किंवा सिमेंटच्या भट्टीत जातो. तिथे राळेची उष्णता वापरली जाते आणि खनिजं सिमेंटमध्ये मिसळून जातात. यापेक्षा बरं म्हणजे गाळ दळून, नवा द्रावक घालून त्याचा कमी प्रतीचा रंग बनवणं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी कार्यपद्धती ठरवून दिली आहे. सगळे रंग मिसळले की होणारी ती विशिष्ट मळकट छटा ग्रिलच्या प्रायमरला चालून जाते. पावडर कोटिंगमध्ये मात्र उडालेली पावडर कोरडीच असते, ती झाडून परत गनमध्ये घालता येते. तिथेही अट तीच, बूथमध्ये एका वेळी एकच रंग. मामांच्या शॉपमध्ये दिवसाला सहा-सात रंग बदलायचे. लहान ऑर्डरी, घाईची गिऱ्हाइकं. रंग वेगळे ठेवायला वेगळे बूथ लागतात, वेगळे बूथ म्हणजे जागा आणि पैसे. पिंपं मागे साचायची आणि एक टेम्पो येऊन घेऊन जायचा. कुठे, ते मामांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो आकडा कापायची परवानगी मागितली. मामी म्हणाली, घेऊन जा एकदाचा. मी एन-९५ मास्क लावून, पाणी टाकत टाकत हॅकसॉने तो मधोमध कापला. मामा बाजूला खुर्ची टाकून माझ्या मास्ककडे बघत होते, काही बोलले नाहीत. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४००, ८००, शेवटी १२००, सगळं ओलं. तासाभराने तोंड उजळलं. मधे तारेचा चमकता ठिपका आणि त्याभोवती वर्तुळं.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून तुकडा डोळ्यांजवळ धरला.

“हा पॅनेलचा करडा. तो वर्षभर चालायचा. हा लाल ट्रॅक्टरचा. हा निळा पंपाचा. हा पिवळा बघ, पिवळा-पिवळा-पिवळा, पाच वेळा सलग. ऑर्डर परत आली होती. शेड जुळली नाही म्हणून आख्खा लॉट परत मारला, रविवारी बोलावलं होतं.”

“हा हिरवा कसला?”

त्यांनी तुकडा उजेडाकडे फिरवला. बराच वेळ बघत राहिले.

“हा माझा नाही. दुसऱ्या पाळीचा असेल.”

कापलेला एक तुकडा मी घेतला. उरलेला, वाकाचा भाग असलेला, त्यांनी परत बाल्कनीत अडकवला. छत्री कुठे लावायची, असं त्यांचं म्हणणं होतं.